चावला कुत्रा नवऱ्याला, दावा बायकोचा बसतो का?

कुत्रा चावल्यावर लस, टाके आणि पोलीस चौकी इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. या वेळच्या पत्रांत त्यापुढचा प्रश्न आला आहे. चावा ज्याला बसला त्याचं नुकसान दिसतं, पण त्या माणसासोबत ज्याचा संसार चालतो त्या जोडीदाराच्या नुकसानीचं काय? वकील मंडळी याला कन्सॉर्टियम म्हणतात, आपण सहवासाची हानी म्हणू. पत्रं काटछाट करून दिली आहेत आणि नावं वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. यजमान ४३ वर्षांचे, वायरमनचं काम करतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावरच्यांचा रॉटवायलर अंगावर आला आणि उजव्या हाताला चावला. कोपराखालची नस आणि टेंडन तुटलं, दोन ऑपरेशनं झाली. आता पाच महिने झालेत. करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं राहिलंय, शर्टाचं बटण मी लावून देते. रोज संध्याकाळी दोघं जॉगिंग ट्रॅकवर जायचो, ते बंद झालं. रात्री दचकून उठतात म्हणून वेगळे झोपतात, बोलणंही तुटक. कुत्रेवाल्यांनी दवाखान्याचे अठरा हजार दिले आणि म्हणतात विषय संपला. "तुम्हाला कुठे काय लागलं?" असं मलाच विचारतात. माझ्या नावाने दावा होतो का?

उत्तर : होतो. पण कशाच्या आधारावर उभा राहतो ते आधी समजून घ्या, नाहीतर रक्कम मोठी लिहिली जाते आणि हाती थोडी येते.

नवरा-बायकोला एकमेकांची सोबत, काळजी, आधार, माया आणि शरीरसंबंध यांचा हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा मान्य केलं आहे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात घटनापीठाने या हानीसाठी ४०,००० रुपये ठरवले आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली. २०१८ च्या मॅग्मा निकालात जोडीदार, मुलं आणि आईवडील असे त्याचे तीन प्रकार केले. मात्र हे आकडे वाहन अपघातातल्या मृत्यूचे आहेत. जखमी माणूस जिवंत आहे आणि जखम कुत्र्याची आहे, तेव्हा तो तक्ता जसाच्या तसा लागू होत नाही. कुत्रा चावल्याबद्दल जोडीदाराला अमुक रक्कम द्या असं सांगणारं कलमही नाही. तुमचा दावा अपकृत्याच्या (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या) कायद्याखाली, दिवाणी न्यायालयात, न्यायाधीशांच्या तारतम्यावर चालेल. म्हणून एकट्या सहवासाच्या मुद्द्यावर सगळा भार टाकू नका. दावा एकच ठेवा, वादी दोघं. वादी क्रमांक एक यजमान, क्रमांक दोन तुम्ही. एकाच घटनेतून दोघांचा हक्क निर्माण झाला की एकत्र दावा करता येतो.

आता रक्कम कुठे लिहायची ते पाहू. उपचार, औषधं, रिक्षाभाडं, बुडालेली मजुरी, पुढचा फिजिओथेरपीचा खर्च, वेदना आणि आयुष्यातल्या सुखांना मुकणं, हे सगळं यजमानांच्या बाजूला येतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात ही शीर्षकं नीट मांडली आहेत, वकील त्याच क्रमाने लिहितात. यात एक शीर्षक बहुतेक जण विसरतात. तुम्ही बटण लावता, जेवण भरवलंत, ड्रेसिंगला नेलंत, ते फुकट नाही. ते परिचारकाचा खर्च म्हणून मागता येतं. २०२० च्या काजल प्रकरणात पूर्ण परावलंबी झालेल्या मुलीसाठी न्यायालयाने दोन परिचारकांचे प्रत्येकी महिना ५,००० प्रमाणे, १८ चा गुणक (किती वर्षांचं धरायचं तो आकडा) लावून २१ लाख ६० हजार दिले. तुमचं प्रकरण एवढं गंभीर नाही, पण सेवेची किंमत पैशात धरायची हे तत्त्व तेच. उदाहरणादाखल, पहिले ६० दिवस दिवसभराच्या सेवेचे ५०० रुपये रोज धरले तर ३०,००० होतात. पुढचे ९० दिवस रोज दोन तासांचे २०० धरले तर १८,०००. एकूण ४८,०००. दर मनाने लिहू नका. नाशिकमधल्या एखाद्या नर्सिंग ब्युरोकडून त्यांच्या लेटरहेडवर दरपत्रक घ्या आणि तारखांची वही ठेवा.

ही सेवा यजमानांच्या बाजूला लिहिली की तुमच्या बाजूला पुन्हा लिहू नका. तेच काम दोनदा मोजलं की समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत ते दाखवतो, आणि मग न्यायालय दोन्ही आकड्यांकडे संशयाने बघतं. तुमच्या बाजूला फक्त सोबत गेली, आधार गेला, संबंध तुटला एवढंच यावं.

ते सिद्ध कसं करायचं? "मला खूप मानसिक त्रास झाला, पाच लाख द्या" या वाक्याला वजन नसतं. आधी काय होतं आणि आता काय आहे, हे दोन रकान्यांत लिहा. आधी : रोज संध्याकाळी ट्रॅकवर दोन फेऱ्या, रविवारी सासरी जाणं, मुलाचा अभ्यास यजमानांकडे. आता : कशाच्या ऐवजी काय. साक्षीला नातेवाईकच आणू नका. ट्रॅकवर रोज भेटणारं एखादं जोडपं किंवा यजमानांसोबत काम करणारा मदतनीस जास्त उपयोगी पडतो. दचकून उठणं आणि वेगळं झोपणं यासाठी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. उपचारासाठी तर दाखवाच, पण केसपेपरवर तारखेसह नोंद झाली की तोच पुरावाही होतो. पाच महिने डॉक्टरकडे न जाता सहाव्या महिन्यात वकिलाच्या नोटिशीत मनोविकार उगवला, तर उलटतपासणीत तो टिकत नाही.

दाव्याचा दुसरा पाय म्हणजे मालकाची जबाबदारी. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत दोन वाटा आहेत आणि दोन्ही लिहाव्या. पहिली, कुत्रा चावरा आहे हे मालकाला माहीत होतं. दुसरी, माहीत असो नसो, सामायिक पार्किंगमध्ये दोरी आणि मुसकी न लावता असा कुत्रा सोडणं हाच निष्काळजीपणा आहे. पहिल्या वाटेसाठी जुने दाखले शोधा : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या तक्रारी, सचिवांनी दिलेलं पत्र, आधी कुणाच्या मुलावर धावून गेला असेल तर त्याचा जबाब. दारावर "कुत्र्यापासून सावध" अशी पाटी असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. मालकाला वाटतं पाटी त्याला वाचवेल, पण कुत्रा धोक्याचा आहे हे त्याला ठाऊक होतं असंच ती सांगते. महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीज लसीचा दाखला होता का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस.

सीसीटीव्हीचं काम आजच करा. बऱ्याच सोसायट्यांत पंधरा दिवस ते महिन्याभरात जुन्या चित्रणावर नवं चढतं. तुमचं बहुधा गेलं असेल, तरी कुणी मोबाईलवर घेतलं असेल तर मूळ मोबाईल जपा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत पुरेशी नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात आणि त्यात फाइलची हॅश संख्या (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) लिहावी लागते.

अपंगत्वाच्या दाखल्याची घाई करू नका. कापलेली नस जोडल्यावर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढते. कोपराखालून बोटांपर्यंत २५-३० सेंटिमीटरचं अंतर धरलं तर आठ ते दहा महिने तरी जातात. त्याआधी मिळालेल्या दाखल्यावर "अजून सुधारणा होऊ शकते" हा शेरा असतो आणि मालकाचा वकील तोच वाचून दाखवतो. दाखला सिव्हिलच्या वैद्यकीय मंडळाकडून घ्या. त्यावरचा टक्का हाताचा आहे की संपूर्ण शरीराचा, हे वाचा. हाताचे ३० टक्के म्हणजे शरीराचे ३० टक्के नव्हेत. उलट, वायरमनच्या उजव्या हाताची पकड गेली तर कमाईचं नुकसान त्या टक्क्याहून मोठं असू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या साक्षीत पक्कड धरणं आणि शिडीवर चढणं हे शब्द यायला हवेत.

दाखल्यासाठी थांबा, नोटिशीसाठी थांबू नका. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस आता पाठवा. दाव्याला मुदत साधारण तीन वर्षं आहे. घटना जिथे घडली किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथल्या न्यायालयात दावा चालतो, म्हणजे तुमचा सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर असते, त्यामुळे आकडा फुगवला की खर्च तुमचाच वाढतो. मिळालेले अठरा हजार लपवू नका, एकूण रकमेतून वजा दाखवा. "आता काही मागणार नाही" असं लिहून दिलेलं नसेल तर त्या पैशाने विषय संपत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर त्याच आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्री म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) करून पाठवून दिलं. म्हणाले, कुत्र्याचं काय गुन्हा दाखल करायचं?

उत्तर : भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ नेमकं याच कामाचं आहे. प्राणी पाळणाऱ्याने पुरेशी खबरदारी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एनसीवर भागवायचं कारण नाही. जखम गंभीर असेल तर कलम १२५ च्या खंड ब चा आग्रह धरा, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गंभीर जखमेच्या व्याख्येत आता १५ दिवसांची कसोटी आहे, पूर्वी ती २० होती. म्हणून इजा प्रमाणपत्रात "इतके दिवस रोजची कामं करू शकला नाही" हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. "विश्रांतीचा सल्ला" या शब्दांतून काहीच निघत नाही.

ठाण्यात ऐकलं नाही तर लेखी तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस आयुक्तालयाकडे पाठवा, पुढची पायरी न्यायदंडाधिकारी. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर एमएलसी (पोलिसांना कळवायचं प्रकरण) अशी नोंद आहे का ते बघा. "घरी पडून जखम" असं कुणी घाईत लिहिलं असेल तर ते दुरुस्त करून घ्यायला उशीर करू नका. लसीचं कार्डही पुरावाच असतं. स्नायूत घ्यायची लस शून्य, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, खोल जखमेत त्यासोबत जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही टोचतात. एखादा डोस चुकवला असेल तर पुढची गुंतागुंत तुमच्याच हलगर्जीने झाली असं सांगायला समोरच्याला जागा मिळते. फौजदारी खटल्यात न्यायालय भरपाई देऊ शकतं, पण ती बहुधा दंडाच्या मापातली असते. सहवासाच्या हानीसाठी दिवाणी दावाच लागतो.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, सिडकोत राहतो. सौभाग्यवती सकाळी दूध आणायला गेल्या असता मोकाट कुत्र्यांच्या टोळीने ओढून पाडलं, पायाला चावे आणि खुबा मोडला. आता वॉकरवर आहेत. घर त्यांच्यावर चालत होतं, मला चहापलीकडे काही येत नाही. मालकच नाही, तर मागायचं कोणाकडे?

उत्तर : महापालिकेकडे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला नसबंदी आणि लस झालेले कुत्रे त्याच भागात परत सोडायला सांगितले, पण पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे त्यातून वगळले. तुमच्या गल्लीतल्या टोळीबद्दल आधीच्या तक्रारी असतील तर हा वगळलेला भाग तुमच्या कामाचा आहे.

पण काका, मुदत आधी बघा. खासगी माणसाविरुद्ध तीन वर्षं असतात म्हणून निवांत राहिलेले बरेच लोक इथे अडकतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे महापालिकेने कर्तव्यात कसूर केल्याचा दावा असेल तर आधी लेखी नोटीस, त्यानंतर एक महिना थांबायचं, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. घटना १० जानेवारीची असेल तर दावा १० जुलैच्या आत पडला पाहिजे, म्हणजे नोटीस जूनच्या सुरुवातीच्याही आधी पोचायला हवी. खरं तर दुसऱ्या महिन्यातच पाठवा. शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात आवक कक्षात देऊन प्रतीवर शिक्का घ्या. नोटिशीत नाव, पत्ता, घटनेचं कारण, ठिकाण आणि रक्कम हवी. नुसतं "योग्य ती कारवाई व्हावी" असं लिहिलेलं निवेदन म्हणजे नोटीस नव्हे.

पुराव्यात सर्वांत जड काय, तर त्या भागातल्या जुन्या तक्रारी. पशुसंवर्धन विभागाकडे माहितीच्या अधिकारात मागा : तुमच्या प्रभागातून मागच्या वर्षभरात आलेल्या तक्रारी, त्यावर केलेली कार्यवाही, पकडलेल्या आणि नसबंदी केलेल्या कुत्र्यांची तारीखवार नोंद. तक्रार आली होती आणि गाडी फिरकली नाही, एवढं कागदावर दिसलं तर कसूर दाखवायला मोठा आधार मिळतो.

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० आणि मांस निघालं असेल तर ०.२ सेंटिमीटरच्या जखमेमागे किमान २०,००० असा हिशेब घालून दिला. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो नाशिकला बंधनकारक नाही. दाखला म्हणून दाखवता येतो, इतकंच. दाताच्या खुणांचे फोटो मात्र शेजारी मोजपट्टी धरून काढलेले हवेत.

"मला चहापलीकडे काही येत नाही" हे वाक्य दाव्यात जसंच्या तसं लिहू नका, हसू होईल. लिहायचं ते असं : पत्नीचं घरकाम थांबल्याने स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला अमुक रुपयांची बाई लावावी लागली. गृहिणीच्या कामाची किंमत धरली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती प्रकरणात ठामपणे सांगितलं आहे. हे नुकसान पत्नीच्या नावाने येतं. तुमच्या नावाने यायचं ते तिच्या सोबतीचं. चाळीस वर्षांच्या संसारातला आधार गेला, यालाही कायद्यात जागा आहे, वय जास्त म्हणून ती शून्य होत नाही. दिवाणी दाव्याऐवजी मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिकेची वाट आहे, पण घटनेच्या तपशिलावरच वाद असेल तर तिथून दिवाणी न्यायालयात जायला सांगतात, आणि तोवर सहा महिने उलटून गेलेले असतात.

प्रश्न : राखणीच्या कुत्र्याने पतीच्या जांघेत चावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलंय की वैवाहिक संबंधांवर कायमचा परिणाम राहील. हे भरकोर्टात बोलावं लागेल या भीतीने आम्ही दावाच करत नाही आहोत.

उत्तर : ही भीती अनेकांना असते, पण वाटतं तेवढं उघडं पडावं लागत नाही.

आधी पुराव्याचा भार डॉक्टरांवर टाका. यूरॉलॉजिस्टचा लेखी अहवाल, तपासण्यांचे कागद आणि उपचार कुठवर शक्य आहेत याबद्दलचं मत. वैद्यकीय मुद्दा कागदाने सिद्ध झाला की तुमच्या साक्षीत दोन-तीन वाक्यं पुरतात : लग्न कधी झालं, आधी संबंध नीट होते, घटनेनंतर नाहीत. दिवाणी दाव्यात सरतपासणी (आपल्या बाजूची मूळ साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते, म्हणजे ही वाक्यंही तुम्हाला उभं राहून म्हणावी लागत नाहीत. उलटतपासणी मात्र तोंडी असते. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३-ब खाली अर्ज करून साक्षीच्या वेळी बाकी लोकांना बाहेर ठेवण्याची विनंती करता येते. अर्ज साक्षीच्या तारखेआधी द्या. ऐनवेळी तोंडी सांगितलं की गर्दीतच तारीख पुढे जाते. असभ्य आणि केवळ अपमान करण्यासाठी विचारलेले प्रश्न न्यायाधीश थांबवतात, तुमच्या वकिलांनी तिथे उठून हरकत घ्यायला हवी.

दाव्याच्या मजकुरातही संयम ठेवा. तपशील जितका जास्त, तितके उलटतपासणीला मुद्दे जास्त. "शरीरसंबंध ठेवण्यास कायमची असमर्थता, वैद्यकीय अहवाल जोडला आहे" एवढं पुरतं. मूल हवं होतं आणि उपचार चालू होते असं असेल तर ते मात्र लिहा, कारण पुढच्या उपचारांचा खर्च वेगळा मागता येतो. आणि हा दावा तडजोडीत मिटण्याची शक्यता जास्त असते, समोरच्यालाही हे उघड्यावर नको असतं. दावा लावण्याआधीच विधी सेवा प्राधिकरणाकडे समेटासाठी अर्ज देता येतो. लोकअदालतीत झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नसतं.

प्रश्न : गंगापूर रोडवरून लिहिते आहे. लेक-जावई सॅन होजेला असतात. शेजाऱ्याच्या कुत्र्याने जावयांना फुटपाथवर चावलं, पायाची शस्त्रक्रिया झाली. वकील म्हणतो लेकीलाही वेगळी भरपाई मागता येईल. ती एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आहे. हे खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि तिथे ही वाट आपल्यापेक्षा फार मळलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेच्या कलम ३३४२ प्रमाणे सार्वजनिक जागी कुत्रा चावला की मालक जबाबदार असतो. कुत्रा आधी कुणाला चावला होता का आणि मालकाला ते माहीत होतं का, हे विचारलंच जात नाही. टेक्ससमध्ये असं नाही, तिथे मालकाला माहीत होतं किंवा त्याने निष्काळजीपणा केला हे दाखवावं लागतं. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्यांचा सल्ला तसाच उचलू नका.

सहवासाची हानी तिथे जोडीदाराचा स्वतंत्र दावा असतो आणि बहुधा जखमीच्याच दाव्यात जोडून लावतात. प्रेम, सोबत, काळजी, आधार आणि शरीरसंबंध यांची हानी त्यात धरतात. काय धरत नाहीत, हेही लेकीला सांगा : नवऱ्याची बुडालेली कमाई, तिने केलेली शुश्रूषा, आणि शुश्रूषेसाठी तिने सोडलेली नोकरी. ज्युरीला तशी स्पष्ट सूचनाच दिली जाते. व्हिसा कोणता, याने दाव्याला बाधा येत नाही. जखमेच्या तारखेला कायदेशीर लग्न झालेलं असणं मात्र आवश्यक. तेव्हा नोंदणी दाखला शोधून त्याची प्रमाणित प्रत पाठवा. नोंदणी इथे महापालिकेच्या विभागीय कार्यालयात झाली असेल तर तिथूनच ती मिळते.

दाव्याची मुदत दोन वर्षं. पैसे सहसा शेजाऱ्याच्या घराच्या विम्यातून येतात, त्यामुळे शेजारधर्म मोडेल ही तुमची काळजी थोडी कमी होईल. विमा कंपनीचा माणूस गोड बोलून फोनवर जबाब रेकॉर्ड करतो आणि लगेच एक फॉर्म पुढे करतो. वकिलाला दाखवल्याशिवाय दोघांपैकी कुणीही त्यावर सही करू नये.

प्रश्न : साखरपुडा झाला होता, त्यानंतर त्यांना कुत्रा चावला. लग्न नंतर केलं. मी दावा करू शकते का?

उत्तर : सहवासाच्या हानीचा नाही. जखम झाली तेव्हा तो हक्क जन्मलाच नव्हता. तुमचे पती स्वतःच्या दाव्यात वेदना आणि सुखांची हानी मागतील. लग्नानंतर तुम्ही केलेली शुश्रूषा त्यांच्याच बाजूला परिचारकाचा खर्च म्हणून येईल.

प्रश्न : रात्री दुचाकीमागे कुत्रा लागला, नवरा दुभाजकावर आपटला, एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. चावलंच नाही तर दावा कसला?

उत्तर : चावा हवाच असं नाही, कुत्र्यामुळे इजा झाली एवढं पुरे. कुत्रा पाळलेला असेल तर वरच्यासारखाच दावा, मोकाट असेल तर महापालिकेविरुद्ध, सहा महिन्यांच्या मुदतीत. पण त्याआधी गाडीची विमा पॉलिसी काढून बघा. मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचं आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण रक्कम, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मी, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेसात लाख. यात चूक कुणाची हे बघत नाहीत. अडतं ते इथे : गाडी दुसऱ्याच्या नावावर असणं, लायसन्स संपलेलं असणं, किंवा स्वस्तात पडते म्हणून पॉलिसी घेताना हा भाग वगळलेला असणं. घटनास्थळाचा पंचनामा आणि रुग्णालयाचा पहिला कागद यांत कुत्रा आडवा आल्याचा उल्लेख एकसारखा हवा.

प्रश्न : कुत्र्याचे मालक एक लाख द्यायला तयार आहेत. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, पोलीस केस मागे घ्या, म्हणतात. सही करावी का?

उत्तर : रक्कम पटत असेल तर करा, पण मजकूर तुमच्या वकिलांनी लिहावा. "पूर्ण व अंतिम" हे दोन शब्द आले की पुढचं ऑपरेशन तुमच्या खिशातून. डॉक्टरांनी आणखी शस्त्रक्रिया सांगितली असेल तर "दिनांक अमुकपर्यंतच्या खर्चापोटी" असं लिहा आणि पुढचा खर्च वेगळा राखून ठेवा. सही फक्त जखमी माणसाची आहे की जोडीदाराचीही, ते बघा. कागदावर "आम्हा उभयतांचे सर्व हक्क" असं असेल तर सहवासाचा दावाही तिथेच मिटतो, म्हणून त्याची रक्कम त्यात वेगळी दिसली पाहिजे. पैसे चेकने किंवा बँकेतून घ्या, सही पैसे जमा झाल्यावर करा.

पोलीस केस मागे घेण्याचं वचन मात्र लिहून देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. कलम २९१ आपापसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करता येतो, तेव्हा "त्या अर्जास हरकत घेणार नाही" एवढंच लिहा. त्या अर्जाचा खर्च मालकाने करायचा, हेही त्याच ओळीत यावं.